पाड्याची लोकसंख्या नक्की कुठे लिहिलेली असते? (हरसूल भाग, जि. नाशिक)

हरसूलचा_सातपूरला

नमस्कार मंडळी. मी मूळ त्र्यंबकेश्वर तालुक्यातला, हरसूलच्याही पलीकडचा. नोकरी सातपूर एमआयडीसीत. आमचा पाडा चाळीस-पन्नास उंबऱ्यांचा. नाव इथे लिहीत नाही, लिहिलं की मी कोण हे हरसूलच्या अख्ख्या बाजाराला कळेल.

प्रश्न साधा आहे. पाड्यासाठी एका कामाचा अर्ज करायचाय. त्यात 'गावाचे नाव' आणि 'लोकसंख्या (2011)' अशा दोन चौकटी आहेत. दोन्ही भरता येईनात.

शाळेच्या भिंतीवर एक नाव आहे. सातबाऱ्यावर मूळ गावाचं नाव आहे, जे ओहोळ ओलांडून तासभर चालल्यावर येतं. आधार कार्डावर तिसरंच, कारण इंग्रजीतून मराठीत येताना आमच्या 'ळ'चा 'ल' झालाय. लोकसंख्येचं त्याहून अवघड. जनगणनेच्या यादीत पाडाच नाही. मूळ गावाचा आकडा आहे, त्यात आम्ही आणि आणखी चार पाडे बुडालेत. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणाले, मूळ गावाचाच टाका. तो टाकला की काम मंजूर होऊन मूळ गावातच होतं, हे आम्ही एकदा बघितलंय.

पाड्याचा वेगळा आकडा कुठे मिळतो? आणि पुढच्या जनगणनेत तो वेगळा यावा म्हणून काही करता येतं का?

रविवार_कारंजा

जनगणनेच्या संकेतस्थळावर जिल्हा जनगणना पुस्तिका आहे. नाशिकची उतरवून घ्या. भाग अ मध्ये गावातल्या सोयी, भाग ब मध्ये लोकसंख्या. घरं किती, 0 ते 6 वयाची मुलं किती, साक्षर किती, शेतमजूर किती, सगळं गावनिहाय. एवढा मोठा धागा काढायची गरज नव्हती.

हरसूलचा_सातपूरला

पाहिली भाऊ. गावनिहाय आहे, पाडानिहाय नाही. धागा त्यासाठीच काढला.

जुना_तलाठी

हरसूलचे दादा, ग्रामपंचायतीने खोटं सांगितलं नाही, अर्धवट सांगितलं.

एकाच जमिनीवर तीन गावं नांदतात असं समजा. पहिलं महसुली गाव: ज्याला शीव (हद्द) आहे, गट नंबर आहेत, सातबारा आहे. आम्ही कागदावर 'मौजे' लिहितो ते. दुसरं ग्रामपंचायतीचं गाव, 1958 च्या अधिनियमाखालचं. त्यात एकच महसुली गाव असेल, नाहीतर तीन-चार गावं मिळून गट ग्रामपंचायत. तिसरं गाव म्हणजे माणसं जिथे खरोखर राहतात ते: पाडा, वाडी, वस्ती, मळा. जनगणनेचे तक्ते पहिल्या गावाचे छापतात आणि तुम्ही राहता तिसऱ्यात.

आता यातली गंमत बघा. माणूसच नसलेलं गाव यादीत असतं. त्याला आम्ही बेचिराग म्हणतो. शीव आहे, गट आहेत, शेतसारा आहे, घर एकही नाही. जनगणनेच्या यादीत त्याला स्वतःची ओळ, स्वतःचा सांकेतांक आणि पुढे शून्य. तुमच्या पन्नास उंबऱ्यांना मात्र ओळ नाही. मी नोकरीत असताना हे एका प्रांतसाहेबांना बोलून दाखवलं, तर ते हसले आणि म्हणाले, भाऊसाहेब, जमीन कुठे जात नाही, माणसं जातात.

जुना आकडा हवा असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक विचारा, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद. बऱ्याच जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. त्यात कधीकधी पाड्याचं नाव शेऱ्यात सापडतं. लोकसंख्या नाही कळणार, पण पाडा किती जुना आहे हे कळेल. पुढे वेगळ्या गावाची मागणी करायची झाली तर असला कागद कामाला येतो.

पिंपळगावचा_पण_बसवंतचा_नाही

नावाचं दुःख आम्हाला विचारा. नाशिक जिल्ह्यात दगड फेकला तर पिंपळगावात पडतो. निफाडला पिंपळगाव बसवंत, लासलगावाजवळ पिंपळगाव नजीक, येवल्यात पिंपळगाव लेप आणि पिंपळगाव जलाल, इगतपुरीत पिंपळगाव मोर आणि पिंपळगाव डुकरा, देवळ्यात पिंपळगाव वाखारी, आणि नाशिकच्या अंगाला पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब, पिंपळगाव गरुडेश्वर. यातल्या एकात माझं घर. पुण्यात कुणालाही सांगितलं की समोरचा म्हणतो, "अरे वा, टोमॅटो मार्केटवाले का?" नाही हो. आमच्याकडे मार्केट नाही, आठवडे बाजारसुद्धा शेजारच्या गावात.

मागवलेलं पार्सल हमखास बसवंतला जातं. पिन कोड वेगळा असला तरी जातं.

सटाण्याची_सून

आमच्या तालुक्याचंही तेच. कागदावर बागलाण, बोलताना सटाणा. माहेर पेठचं. जनगणनेच्या इंग्रजी यादीत पेठ तालुका 'पेइंट' असा छापलाय, साहेबी काळापासून. लग्नाआधी एका फॉर्मवर तालुका शोधताना मी पेठ शोधत बसले आणि वरच्या ओळीत पेइंट होतं, ते रंगाचं दुकान वाटलं 😄

कळवणचं हिंदी ॲपांमध्ये 'कलवन' होतं. आणि स्टेशनवर उतरलात तर 'नासिक रोड', महापालिकेच्या दारात 'नाशिक'. जिल्ह्याच्या गावाची ही कथा, तिथे पाड्याचं काय घेऊन बसलात.

देवळालीकर

अवांतर: बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे छोटं ना? मग काही ठिकाणी खुर्द मोठं कसं?

जुना_तलाठी

नाव पडलं तेव्हा जे मोठं होतं ते बुद्रुक. पुढे रस्ता खुर्दावरून गेला, कॅनॉल आला, बाजार भरला आणि खुर्द वाढलं. नाव आहे तिथेच राहिलं. 'दुमाला'चंही तसंच, आपल्याकडे वडनेर दुमाला आहे. इनामाच्या काळातली जमीन-महसुलाची वाटणी नावात शिल्लक आहे, व्यवहारात कधीच गेली. गावाच्या नावावरून आजची लोकसंख्या ओळखायला जाऊ नका.

मूळ विषयाकडे या मंडळी.

मास्तर_दिंडोरी

मी 2011 ला प्रगणक होतो, म्हणजे जनगणनेत घरोघरी जाऊन मोजणारा. भाग दिंडोरी तालुक्याच्या पश्चिमेचा, म्हणजे हरसूलच्या दादांसारखाच पाड्यांचा मुलूख. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जनगणना दोन टप्प्यांत होते. आधी घरयादी. प्रगणकाला एक गट नेमून देतात, साधारण सव्वाशे ते दीडशे घरांचा. गटाची हद्द फिरून पाहायची, हाताने नजरी नकाशा काढायचा, त्यात विहीर, देऊळ, शाळा, ओहोळ दाखवायचा, मग एकेका घराला क्रमांक द्यायचा. मोठ्या गावाचे अनेक गट पडतात. लहान पाडे मात्र दोन-तीन मिळून एका गटात येतात, तेव्हा कुठे गट भरतो.

म्हणजे पाडा मोजला जात नाही हे खरं नाही. पाडा मोजला जातो, नकाशावर त्याचं नावही येतं. पुढे बेरीज महसुली गावाची होते आणि छापली जाते ती बेरीज. तुमचा आकडा कागदांच्या गठ्ठ्यात होता, तक्त्यात आला नाही.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष माणसं मोजण्याचा. 2011 ला तो 9 ते 28 फेब्रुवारी असा होता. 28 च्या रात्री बेघरांची मोजणी आणि 1 ते 5 मार्च फेरतपासणी, म्हणजे मधल्या काळातले जन्म-मृत्यू दुरुस्त करायचे. सगळा हिशोब 1 मार्चच्या शून्य तासाचा. जिल्ह्याचा आकडा 61,07,187 आला तो असा.

आता जे मला त्या वेळीही खटकलं ते सांगतो. माझ्या गटातल्या एका पाड्यावर मी गेलो, तर बऱ्याच घरांना कडी. कुठे म्हातारी, दोन शेळ्या आणि तिसरीतली नात. बाकी सगळे "खाली" गेलेले. खाली म्हणजे कुठे हे नाशिककरांना सांगायला नको.

द्राक्षवाला_निफाड

मास्तर, खाली म्हणजे आमच्याकडे. 🙏

फेब्रुवारीत आमच्याकडे माल काढणी जोरात असते. ऑक्टोबरला छाटणी, मग डिपिंग, थिनिंग आणि जानेवारीनंतर काढणी. टोळ्या सगळ्या वरच्या: पेठ, सुरगाणा, हरसूल, थोड्या कळवणच्या. एकरी उक्तं ठरवून घेतात, मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहतात. नवरा, बायको, कडेवरचं पोर, झालंच तर भाऊ-भावजय. काही लोक गिरणाऱ्याच्या मजूर बाजारातून आठवड्याच्या बोलीने येतात, ती गोष्ट वेगळी, ते शनिवारी घरी जातात. टोळीवाले जात नाहीत. ते थेट शिमग्याला. होळीला आदिवासी माणूस जगात कुठेही असो, घरी जातो. त्या आठवड्यात एकरी दुप्पट देऊ केले तरी बागेत कुणी थांबत नाही.

मास्तर_दिंडोरी

दादा, मुद्दा तुम्हीच सांगितलात. 2011 ला होळी 19 मार्चला होती. आमची फेरतपासणी 5 मार्चला संपली. पाडा भरला तो आमचे कागद तहसीलला जमा झाल्यावर.

रविवार_कारंजा

मग ते निफाडला मोजले गेले असतील ना? माणूस कुठे तरी मोजला गेला की झालं. देशाच्या बेरजेत काय फरक पडतो?

मास्तर_दिंडोरी

देशाच्या बेरजेत पडत नाही. पाड्याच्या पडतो.

नियम असा: त्या वीस दिवसांत माणूस आपल्या नेहमीच्या घरी एकदा जरी राहिला असेल, तर तो घरीच मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असेल, तर जिथे सापडला तिथे. नियम नीट आहे. गिरणाऱ्याला जाणारा, शनिवारी घरी येणारा माणूस पाड्यातच मोजला जातो. टोळीतला माणूस निफाड-दिंडोरीच्या मळ्यात मोजला जायला हवा. प्रत्यक्षात मळ्यावर प्रगणक गेला तर ऐकायला मिळतं, "ते इथले नाहीत, त्यांचं नाव गावाला लागलं असेल." आणि पाड्यावर म्हातारी सांगते, "ती तिकडं लागली असतील." दोघंही खरं बोलतात. माणूस मधल्या रस्त्यावर राहतो.

नाव_नको

काहीही. या लोकांची नावं दोन-दोन ठिकाणी असतात. रेशन तिकडे, मतदान तिकडे, मजुरी इकडे. लोकसंख्या फुगवून निधी लाटायचा धंदा आहे.

ताईची_लेक

नाव नको साहेब, रेशन आणि मतदान तिकडे असणारच, घर तिकडे आहे. तुमचं मतदान ऑफिसच्या पत्त्यावर आहे का?

माझी आई सुरगाणा तालुक्यात अंगणवाडी सेविका होती. हरसूलच्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं अंगणवाडीत आहे. सेविकेकडे कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर असतं, दरवर्षी नव्याने भरायचं. त्यात घर क्रमांकाने प्रत्येक माणूस असतो. आणि ते पाड्याचंच असतं, कारण आदिवासी भागात लोकवस्ती 300 ते 800 असेल तर अंगणवाडी आणि 150 ते 300 असेल तर मिनी अंगणवाडी, असा निकष आहे. म्हणजे तुमच्या पाड्यावर मिनी अंगणवाडी असेल, तर तिला मंजुरी देताना कुणीतरी पाड्याचा आकडा काढलेलाच आहे.

आईच्या रजिस्टरात स्थलांतरित कुटुंबांसमोर पेन्सिलीने खूण असायची. शाईने केली तर वरचे साहेब विचारायचे की लाभार्थी कमी का झाले, म्हणून पेन्सिल. दिवाळीनंतर खुणा वाढायच्या, होळीला ती रबराने पुसायची. तिला तोंडपाठ होतं कोण कुणाच्या मळ्यात आहे ते. बाळंतपणाचंही तसंच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे गरोदर म्हणून नाव सासरच्या पाड्यात आणि बाळ माहेरच्या. दोन सेविका एकमेकींना फोन करून ठरवायच्या, पोर कुणाच्या वजनाच्या तक्त्यात घ्यायचं. जनगणनेला वीस दिवस मिळतात. आई तेच काम वर्षभर करायची आणि मानधन किती, ते विचारू नका.

सटाण्याची_सून

पेन्सिल 👌 आमच्या पेठच्या ताईसुद्धा अशाच होत्या.

रस्त्यावरचा_माणूस

ग्रामीण रस्त्यांच्या सर्वेक्षणाच्या कामात काही वर्षं होतो. पाड्याचा आकडा का लागतो हे वर कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो.

पंतप्रधान ग्रामसडक योजनेत हिशोब महसुली गावाचा नसतो, वस्तीचा असतो. सपाट भागात 500 आणि आदिवासी, डोंगरी भागात 250 लोकसंख्येची वस्ती बारमाही रस्त्याला जोडायची, असं सूत्र. मूळ योजनेत 2001 ची जनगणना धरली होती, चौथ्या टप्प्यात 2011 ची. आता मेख लक्षात घ्या: निकष वस्तीचा आणि जनगणना आकडा देते गावाचा. मग वस्तीचा आकडा स्थानिक यंत्रणेनेच काढायचा. गावाच्या बेरजेतून पाड्यापाड्याला वाटून. ही वाटणी करताना मूळ गावाकडे माप झुकतं, कारण वाटणाऱ्यांच्या बैठकीला मूळ गावाचे लोक हजर असतात.

एक सोय मात्र आहे आणि ती फार लोकांना माहीत नाही. जवळजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. सपाटीला 500 मीटरच्या आत, डोंगरात चालण्याच्या वाटेने दीड किलोमीटरच्या आत. त्यामुळे 180 चा पाडा आणि 90 चा पाडा मिळून निकषात बसू शकतात. दादा, तुमचे ते 'आणखी चार पाडे' कुठे आहेत ते मोजून बघा. एकटे अर्ज करू नका.

हरसूलचा_सातपूरला

हे खरंच माहीत नव्हतं. दोन पाडे दीड किलोमीटरच्या आत आहेत, एकाशी आमचं पाण्यावरून फारसं पटत नाही 😅 पण विचारतो.

देवळालीकर

पाण्याचंही लोकसंख्येवरच असतं ना?

रस्त्यावरचा_माणूस

सगळंच असतं. जलजीवन म्हणजे नळपाण्याच्या योजनेत माणशी दररोज 55 लिटर धरून टाकीचं माप ठरतं. उन्हाळ्यात टँकरच्या खेपाही डोक्यांवर. आरोग्य उपकेंद्र आदिवासी भागात 3,000 माणसांमागे, सपाटीला 5,000 मागे. ग्रामपंचायतीचे सदस्य 1,500 पर्यंत सात, तीन हजारांपर्यंत नऊ, असे सतरापर्यंत चढत जातात. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 80 टक्के ग्रामपंचायतींना आले, त्यातही लोकसंख्या आहेच.

टँकरचं उलटं बघा. जनगणना फेब्रुवारीत, पाडा रिकामा. टँकर लागतो एप्रिल-मेमध्ये, तेव्हा टोळ्या परत आलेल्या, पाडा भरलेला. आकडा रिकाम्या पाड्याचा आणि तहान भरलेल्या पाड्याची. सुरगाण्यात, पेठेत बायका विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरतानाचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. त्या फोटोत दुष्काळाच्या जोडीला हा हिशोबही असतो.

ताईची_लेक

2022 च्या शेवटी सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा म्हणून मागणी केली होती, ती आठवते का? तेव्हा टीव्हीवाले भाषा-अस्मितेवर चर्चा करत बसले. आमच्याकडे लोक रस्ता, दवाखाना आणि पाणी एवढंच बोलत होते. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, तिथला रस्ताही दिसतो.

नाव_नको

परत राजकारण.

संपादक_पाळीवर

नाव नको, विषयाला धरून लिहिणार असाल तर स्वागत आहे. 'या लोकांची' वगैरे भाषा इथे नको.

पेसावाला

दादा, तुमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या भागात, येतो का ते आधी बघा. पेठ, सुरगाणा, कळवण पूर्ण आहेत. दिंडोरी, इगतपुरी, बागलाण आणि जुना नाशिक तालुका अंशतः. त्र्यंबकेश्वर तालुका 1999 ला जुन्या तालुक्यांतून वेगळा काढला, हरसूलचा पट्टा अनुसूचित क्षेत्रात असणार.

असेल तर 'गाव' या शब्दाचा चौथा अर्थही तुमच्या कामाचा आहे. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, 1996 चा; महाराष्ट्राचे नियम 2014 चे. त्यानुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा असलेलं गाव म्हणून घोषित करून घेता येतं. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करायचा आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. ग्रामपंचायत वेगळी होत नाही, सातबारा बदलत नाही. पण पाड्याची ग्रामसभा पाड्यात भरते, आणि पाच टक्के अबंध (मोकळ्या) निधीचं काय करायचं यावर पाड्याला तोंड उघडता येतं. मूळ गावात ओहोळ ओलांडून सभेला जायचं आणि मागे उभं राहायचं, हे थांबतं. माझ्या मते तुमच्या लोकसंख्येच्या चौकटीपेक्षा हे मोठं काम आहे. चौकट एकदा भरून संपते.

जुना_तलाठी

पेसावाले बरोबर. एक सावधगिरी: ठरावात पाड्याचं नाव जे लिहाल तेच पुढे चिकटेल. म्हाताऱ्यांना विचारून लिहा. शाळेच्या भिंतीवरचं नाव बऱ्याचदा पहिल्या गुरुजींनी आपल्या कानाला ऐकू आलं तसं रंगवलेलं असतं. कोकणी-वारली उच्चार गुरुजींना समजला नाही की ते 'शुद्ध' करायचे. नंतर महसुली नाव बदलायचं म्हटलं तर ग्रामसभेच्या ठरावापासून जिल्हाधिकारी, मंत्रालय आणि पुढे केंद्रीय गृह मंत्रालयाची ना-हरकत इथपर्यंत कागद जातो. टपाल, रेल्वे, सर्व्हे ऑफ इंडिया, सगळ्यांना विचारतात. 'ळ' परत मिळवायला एवढं करावं लागू नये, पण लागतं.

2020 च्या डिसेंबरात सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तेव्हा त्या बदलांना गती आली होती. ते काम वेगळं आणि चांगलं झालं. पण काही ठिकाणी त्या लाटेत जुनी झाडा-ओढ्यांची नावंही 'नगर' झाली. पाड्याला नगर म्हणू नका, एवढी विनंती.

सिन्नरची_वाडी

आमच्याकडे पेसा नाही. सिन्नर तालुक्यात मळ्या-वस्त्यांवर विखुरलेली वाडी आहे. महसुली गाव वेगळं करून मिळेल का, जनगणनेच्या आधी?

जुना_तलाठी

जनगणनेच्या आधी नाही. 2027 च्या जनगणनेसाठी गाव-तालुक्यांच्या सीमा 31 डिसेंबर 2025 ला गोठवल्या. आता मोजणी होईपर्यंत नवं गाव, नवा तालुका काही होणार नाही. प्रस्ताव तयार करून ठेवा, मोजणी, नकाशा, गट याद्या. त्यालाच वेळ लागतो.

मास्तर_दिंडोरी

आणि 2027 चा संदर्भ दिवस पुन्हा 1 मार्च. म्हणजे माणसं मोजायची ती फेब्रुवारीतच. होळी 22 मार्चच्या आसपास. द्राक्षवाले दादा, तारखा बघितल्या का?

द्राक्षवाला_निफाड

बघितल्या. तेच परत. शिवाय या वेळी सिंहस्थ कुंभमेळ्याची कामंही आहेत, नाशिक-त्र्यंबकला मजूर तिकडे खेचले जाणार. मागल्यापेक्षा जास्त घरांना कडी असेल.

आमच्या बाजूने एक करता येईल. द्राक्ष बागायतदारांच्या गटांवर मेसेज टाकतो की प्रगणक आला तर टोळीला बोलवा, 'इथले नाहीत' म्हणून परत पाठवू नका. शेतकरी ऐकतात. आधी घाबरतात, वाटतं काही कामगार कायद्याची चौकशी आहे. जनगणनेची माहिती दुसऱ्या कामाला वापरत नाहीत हे कुणी सोप्या भाषेत लिहून दिलं तर बरं.

मास्तर_दिंडोरी

मी देतो. जनगणना कायदा 1948 चा आहे. व्यक्तिगत माहिती गोपनीय, न्यायालयातही पुरावा म्हणून मागता येत नाही. चार ओळींत बसेल.

पण टोळी मळ्यात मोजली गेली तर आकडा निफाडच्या गावात जमा होणार, हरसूलच्या पाड्यात नाही, हे लक्षात असू द्या. दादांच्या पाड्याला त्याने काही मिळणार नाही. माणूस मोजला जाईल एवढंच.

रविवार_कारंजा

मग एक दिवस सगळ्यांनी घरी जाऊन राहायचं. त्या काळात एकदा जरी घरी असलात तर घरी मोजतात, असं तुम्हीच वर लिहिलंय ना?

मास्तर_दिंडोरी

मागच्या वेळचा नियम तो होता. या वेळच्या सूचना हातात आल्या की इथे टाकतो. एक दिवस जाणं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं, टोळीतल्या प्रत्येकाचं.

द्राक्षवाला_निफाड

गाडी आमच्याकडची देता येईल. काढणीत एक दिवस खाडा पडला तर व्यापारी बोलतो, पण हवामान ढगाळ नसेल तर जमेल. दादा, तुमच्या पाड्याची टोळी कुठे असते?

हरसूलचा_सातपूरला

काही पालखेडच्या बाजूला, काही मोहाडीला. नक्की मळे कोणते ते विचारून सांगतो.

मधल्या काळात पाड्यावर जाऊन आलो. अंगणवाडीच्या ताईंनी रजिस्टर दाखवलं. माझ्या अंदाजापेक्षा आकडा बराच वर आहे, 250 च्या पुढे. पण त्या म्हणाल्या, दाखला मी देऊ शकत नाही, पर्यवेक्षिकांची सही लागेल. पर्यवेक्षिका हरसूलला मंगळवारी बसतात. ओहोळापलीकडच्या पाड्यातल्या दोघांशी बोललो. रस्त्याच्या अर्जात एकत्र यायला तयार आहेत, विहिरीचा विषय काढायचा नाही या अटीवर. नावाचं अजून ठरत नाहीये. म्हातारे तीन, नावं दोन, आणि तिसरा ऐकू येत नाही म्हणतो.

रस्त्यावरचा_माणूस

अर्जात दोन्ही पाड्यांची नावं, मधलं चालण्याचं अंतर आणि सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा. अंतर मोबाइलवर मोजा, पण सरळ रेषेत नको, वाटेने. लोकसंख्येच्या चौकटीत मूळ गावाचा 2011 चा आकडा लिहा आणि पुढे 'पैकी' लिहून पाड्यांचा सर्वेक्षणाचा आकडा, वर्षासह. चौकट लहान असेल तर पुरवणी जोडा.

जुना_तलाठी

आणि पोच घ्या. आवक क्रमांक टाकून, शिक्क्यासह.